दुनळी आणि तिची नक्कल

इ. स. १८२४ च्या पावसाळ्यांत कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हीबर हे गंगेच्या पात्रांतून वरच्या मुलखाकडे निघाले होते. त्यांची नौका मुंगेरच्या घाटास लागली आणि तिच्याभोंवतीं कारागिरांची व फेरीवाल्यांची एकच झुंबड उडाली. कोणी किटली पुढें करी, कोणी तबक, कोणी चाकू, कोणी पिस्तूल, तर कोणी बंदूक. सगळा माल इंग्रजी घाटाचा आणि सगळा तेथल्याच भात्यावर घडलेला. बिशपसाहेबांना मोठें नवल वाटलें. या लहानशा गांवाला त्यांनीं बर्मिंगहॅमची उपमा दिली आणि वस्तूंच्या नेटकेपणाची आपल्या रोजनिशींत मोकळ्या मनानें वाखाणणी केली.

परंतु या वाखाणणीला त्यांनीं मागाहून एक पुस्ती जोडली आहे. मुंगेरच्या बंदुका फुटण्याचा संभव फार असतो व तेथले चाकूही लौकर मोडतात, असें त्यांस पुढें कळून आलें. ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, एवढ्यावरून त्यांनीं कारागिरांना लुच्चे म्हटलें नाहीं किंवा हिंदी हाताला नांवें ठेवलीं नाहींत. भांडवल नसलें म्हणजे इंग्लंडांतल्या हलक्या प्रतीच्या कारागिरांच्या मालांतही नेमके हेच दोष उतरतात, असा त्यांनीं निर्वाळा दिला. रोजनिशींतल्या या दोन ओळी पुष्कळ वाचक ओलांडून जातात. पण गेल्या दोनशें वर्षांत जगाच्या पाठीवर दुनळी बंदुकीच्या ज्या असंख्य नकला झाल्या, त्यांची सारी कर्मकथा या दोन ओळींत सांठविलेली आहे.

या पुस्तीचें मर्म कळण्यासाठीं साठ वर्षें मागें गेलें पाहिजे. १७६० सालीं बंगालच्या मसनदीवर बसलेल्या मीर कासीमनें इंग्रजांच्या नजरेआड राहावें म्हणून आपली राजधानी मुर्शिदाबादेहून मुंगेरास हलविली. गुर्गीनखान नांवाच्या एका आर्मेनियन सरदाराच्या हातीं त्यानें फौज आणि तोफखाना सोंपविला, आणि या सरदारानें मुंगेरास बंदुका व तोफा घडविण्याचा कारखाना उभा केला. तेथली बंदूक ही विलायती बंदुकीचीच नक्कल होती. 'सियर-उल-मुताखरीन' या फारशी इतिहासाचें इंग्रजी भाषांतर अठराव्या शतकाच्या अखेरीस झालें. त्याच्या भाषांतरकारानें एका टिपेंत लिहून ठेविलें आहे कीं, कलकत्त्याच्या कौन्सिलाच्या हुकुमावरून मुंगेरच्या बंदुका आणि कंपनीकडे विलायतेहून येणाऱ्या टॉवरच्या छापाच्या बंदुका शेजारीं शेजारीं ठेवून पारखण्यांत आल्या, तेव्हां मुंगेरच्या बंदुका सरस ठरल्या. त्यांची धातु अधिक कसदार होती आणि त्यांना लाविलेल्या गारा राजमहालाच्या अकीकाच्या होत्या.

तेंच गांव, तीच भट्टी, तोच धंदा. १७६३ च्या सुमारास तेथली नक्कल अस्सलावर मात करते आणि १८२४ मध्यें तेथलीच नक्कल धन्याच्या हातांत फुटते. मधल्या काळांत कारागिरांचे हात कांहीं लुळे पडले नव्हते. मग बदललें काय?

उत्तर शोधण्यापूर्वीं दुनळी म्हणजे काय चीज आहे, हें थोडें समजून घेतलें पाहिजे. दोन नळ्या शेजारीं ठेवून बांधल्या कीं दुनळी झाली, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः एकनळी बंदूक घडविणें हें लोहाराचें काम आहे, तर दुनळी घडविणें हें लोहार, सुतार आणि घड्याळजी या तिघांचें मिळून एक काम आहे. दोन नळ्या अगदीं समांतर जोडल्या तर दोन बार दोन ठिकाणीं पडतात. म्हणून तोंडाकडे त्या किंचित् जवळ आणाव्या लागतात, आणि हें 'किंचित्' किती तें पट्टीनें मोजून भागत नाहीं. निशाणावर बार टाकून, नळ्या सोडवून, पुन्हां जुळवून, पुन्हां बार टाकून तें ठरवावें लागतें. दोन नळ्यांमध्यें वर एक व खालीं एक अशा लांब पट्ट्या असतात. त्या मऊ डाकानें, म्हणजे शिसें व कथील यांच्या मिश्रणानें, बसविलेल्या असतात. दोन घोडे, दोन चाप, दोन मुख्य कमानी. एक बार उडाल्यावर त्याच्या धक्क्यानें दुसरा उडूं नये, ही चिंता एकनळीवाल्याला कधींच नसते, दुनळीवाल्याला सदैव असते. आणि हें सर्व इतकें हलकें राहिलें पाहिजे कीं, दिवसभर माळावर हिंडूनही शिकाऱ्याचा खांदा भरून येऊं नये. वजन कमी करावयाचें म्हणजे नळीची भिंत पातळ करावयाची, आणि पातळ भिंतींत लोखंडाचा लहानसा दोषही लपून राहत नाहीं.

या कलेस पूर्णत्व आणिलें तें लंडनच्या जोसेफ मॅन्टननें. १७६६ त जन्मलेल्या या कारागिरानें १८०६ मध्यें दोन नळ्यांवरील उंच पट्टीचा हक्क नोंदविला. तिच्यामुळें नेम धरतांना डोळा आपोआप योग्य उंचीवर राहूं लागला. १८१२ च्या त्याच्या आणखी एका हक्कपत्रांत एक मोठी मार्मिक युक्ति आहे. ठासणीच्या दुनळीचा एक बार उडाला कीं शिकारी ती उभी धरून रिकामी नळी भरूं लागे. दुसरी नळी तेव्हां भरलेली असे, तिचा घोडा चढलेला असे, आणि माणसाचा हात व चेहरा नेमका नळीच्या तोंडाशीं असे. या घाईंत किती बोटें आणि किती डोळे गेले असतील तें देव जाणे. मॅन्टननें घोड्याजवळ लहान वजनाचे अडसर बसविले. बंदूक उभी केली कीं ते आपल्याच भारानें खालीं येऊन घोड्याला अडवीत व बंदूक आडवी झाली कीं बाजूला होत. बाहेरून पाहणाऱ्याला ही गोष्ट फारशी दिसतही नसे. मॅन्टनच्या बंदुका इंग्लंडांतल्या उमरावांनीं डोक्यावर घेतल्या, इतकेंच नव्हे, तर हिंदुस्थानांतल्या साहेबलोकांत आणि त्यांचें पाहून राजेरजवाड्यांत 'मॅन्टन' हा शब्दच उत्तम बंदुकीचा पर्याय होऊन बसला. एवढें होऊनही हा गृहस्थ १८२६ मध्यें दिवाळखोर झाला आणि १८३५ मध्यें वारला. गुणांचें चीज व्हावें तसें झालें नाहीं. त्याच्या हाताखालीं शिकून बाहेर पडलेल्या जेम्स पर्डीचें दुकान मात्र पुढें जगप्रसिद्ध झालें.

ज्याचें नांव झालें, त्याची नक्कल होणारच. नळीवर 'मॅन्टन' अशीं अक्षरें कोरलेल्या, पण लंडन कधीं न पाहिलेल्या बंदुका हिंदुस्थानांत ठिकठिकाणीं तयार होऊं लागल्या. कित्येकींवर हीं अक्षरें इतकीं वेडींवांकडीं आणि चुकीचीं आहेत कीं, कोरणाऱ्याला इंग्रजी वाचतां येत नव्हतें हें सहज दिसतें. त्यानें अक्षर वाचलें नाहीं, त्याचें चित्र काढलें. दुनळीची नक्कलही त्यानें तशीच केली. घोड्याचा बांक, दस्त्यावरची जाळीदार नक्षी, चापाभोंवतींची वेलबुट्टी, हें सगळें हुबेहूब. परंतु उभ्या बंदुकींत घोडा अडविणारें वजन त्यानें वगळलें, कारण गिऱ्हाईक तें पाहत नव्हतें. नळ्या तोंडाशीं किती जवळ आणाव्या तें त्याला कळलें नाहीं, कारण त्यासाठीं दारू आणि छर्रे खर्चून दहा वेळां बार टाकावे लागतात आणि तो खर्च त्याला झेंपत नव्हता.

यापेक्षांही मोठी उणीव होती ती परीक्षेची. लंडनच्या बंदूकवाल्यांच्या संघाला १६३७ मध्यें राजाची सनद मिळाली आणि नळ्यांची कसोटी घेऊन ठसा मारण्याची चाल तेथें रूढ झाली. बर्मिंगहॅमचें परीक्षागृह १८१३ च्या कायद्यानें उभें राहिलें. परीक्षा सोपी पण कठोर असे. नेहमींच्या बारापेक्षां पुष्कळ अधिक दारू नळींत भरावयाची, भिंतीच्या आड राहून ती उडवावयाची आणि मग नळी तपासावयाची. फुगली, चिरली किंवा फुटली तर ती बाद. टिकली तर तिच्यावर ठसा. या एका ठशाचा अर्थ असा कीं, जी नळी फुटावयाची ती परीक्षागृहाच्या भिंतीआड फुटली, कोणाच्या डाव्या हातांत नाहीं.

आतां मुंगेरच्या कोड्याचा उलगडा होऊं लागतो. मीर कासीमच्या वेळीं कारागिराला लोखंड सरकारांतून मिळे, वेतन सरकारांतून मिळे, आणि घडलेली बंदूक गुर्गीनखानासारख्या जाणत्या माणसाच्या नजरेखालून जाई. बंदूक फुटली तर लढाईंत आपलीच फौज मरणार, हें मालकाला पक्कें ठाऊक होतें. १७६३ च्या ऑक्टोबरांत मुंगेर इंग्रजांनीं घेतलें, गुर्गीनखान त्याच धामधुमींत मारला गेला, आणि वर्षभरांत बक्सारच्या लढाईनें सगळाच निकाल लागला. कारखान्याचा धनी गेला, कारागीर उरले. आतां लोखंड स्वतःच्या गांठचें, कोळसा स्वतःचा, आणि गिऱ्हाईक म्हणजे घाटावर तासभर थांबणारी नौका. बंदूक फुटेल तेव्हां नौका कानपुराच्या पुढें गेलेली असणार. दहा नळ्यांची परीक्षा घ्यावी तर दोन बाद होणार, आणि त्या दोहोंचें लोखंड वायां गेलें तर महिन्याभराची मिळकत गेली. परीक्षा घेणें त्याला परवडत नव्हतें. न घेणें दुसऱ्या कोणाला तरी महाग पडे. बिशपसाहेबांनीं 'भांडवल' हा जो शब्द वापरला तो किती अचूक होता, हें यावरून दिसून येईल.

याला दुसरा पुरावा आपल्या मराठ्यांच्याच इतिहासांत सांपडतो. महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणी द बॉइन यानें उभारल्या, त्या वेळीं आग्र्यास सँगस्टर नांवाच्या स्कॉच माणसाच्या देखरेखीखालीं तोफा ओतण्याचा व बंदुका घडविण्याचा कारखाना चालत असे. या बंदुका शिपायाच्या, म्हणजे एकनळी होत्या. पण नमुना युरोपीय आणि हात हिंदी, ही गोष्ट तीच. विलायती बंदुकीच्या तोडीची बंदूक तेथें सुमारें दहा रुपयांस पडे, असें नमूद आहे. शिंद्यांच्या या पलटणींनीं १८०३ मध्यें इंग्रजांशीं जी झुंज दिली, तिचे गोडवे शत्रूनेंच गाइले आहेत. आग्रा पडल्यावर तोही कारखाना गेला. म्हणजे धनी, पैसा आणि परीक्षा हीं तीन एकत्र होतीं तोंपर्यंत हिंदी नक्कल भरंवशाची होती. तीं गेलीं तेव्हां तिचा भरंवसाही गेला.

येथें एखादा चोखंदळ श्रोता विचारील कीं, मग परीक्षेचा ठसा असला म्हणजे नक्कल निर्धास्त समजावी काय? याला उत्तर बेल्जममधील लीज या शहरानें दिलें आहे. लीजचें परीक्षागृह १६७२ पासूनचें, म्हणजे बर्मिंगहॅमपेक्षांही कितीतरी जुनें. तेथल्या व्हेस्द्र नदीच्या खोऱ्यांत घरोघर नळ्या घडविणारे कसबी लोक होते. लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या एकत्र पिळून, त्या सळईभोंवतीं गुंडाळून, तापवून ठोकून एकजीव करीत, आणि मग त्या नळीवर पाण्यांतल्या तरंगांसारखी नक्षी उमटे. तिला दमास्कसी नळी म्हणत. या खोऱ्यांतून निघालेलें उत्तम काम कोणत्याही देशाच्या उत्तम कामाला हार जाणारें नव्हतें.

परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत याच लीजमधून स्वस्त दुनळ्यांचा महापूर अमेरिकेंत गेला. खेडोपाडीं खिळे, फाळ आणि दोरखंड विकणाऱ्या दुकानांत या दुनळ्या थोडक्या डॉलरांत मिळत. त्यांवर नांवें मोठीं फसवीं असत. बर्मिंगहॅमच्या 'वेस्ली रिचर्ड्स' या प्रख्यात पेढीचा लौकिक पाहून कित्येक बंदुकांवर नुसतें 'डब्ल्यू. रिचर्ड्स' असें कोरलें जाई. घाईनें वाचणाऱ्याची फसगत व्हावी, पण कोर्टांत गेल्यास आपण खोटें लिहिलें असें कोणास म्हणतां येऊं नये, अशी ही शिताफी. कांहीं नळ्यांवरची दमास्कसी नक्षीसुद्धां बनावट असे. साध्या लोखंडाच्या नळीवर तेजाबानें ती उमटवीत. घासलें कीं तरंग नाहींसे!

गंमत अशी कीं, यांतल्या बहुतेक दुनळ्यांवर लीजच्या परीक्षेचा ठसा खरा होता. नळी खरोखरच कसोटीला उतरलेली असे. तरी दोनचार हंगामांत बंदूक निकामी होई. याचें कारण हें कीं, परीक्षागृह नळीची परीक्षा घेतें; घोड्याची, कमानीची आणि बिजागरीची घेत नाहीं. मुंगेरच्या दुनळीला ठसा नव्हता म्हणून ती फुटली. लीजच्या दुनळीला ठसा होता म्हणून ती फुटली नाहीं, नुसती खिळखिळी झाली.

ती खिळखिळी कां होई, तें पाहूं. काडतुसाची दुनळी मध्यें मोडते, म्हणजे नळ्या एका जाड खिळ्याभोंवतीं फिरून खालीं झुकतात. नळ्या मिटल्यावर त्यांचा मागचा भाग मागल्या पोलादी भिंतीला इतका घट्ट भिडला पाहिजे कीं, मधून कागदही सरकूं नये. हें भिडणें यंत्रावर होत नाहीं. कारागीर एका भागाला दिव्याची काजळी फांसतो, नळ्या मिटतो, उघडतो, काजळी जेथें लागली असेल तेथें कानशीचा एक हलका हात मारतो, पुन्हां काजळी फांसतो. अशा शेंकडो वेळां केलेल्या उघडझांपीनंतर काजळी सर्वत्र सारखी उमटूं लागते. स्वस्त दुनळींत हीं शेंकडो आवर्तनें दहावीसांवर आटोपलेलीं असत. नळ्या दोन ठिकाणीं टेकत, बाकी पोकळ. प्रत्येक बाराचा सगळा धक्का त्या दोन ठिकाणांवर बसे, मऊ धातु दबे, आणि एके दिवशीं धनी बंदूक हलवून पाहतो तों ती खुळखुळ्यासारखी वाजूं लागे.

अशी बंदूक दुरुस्तीला आली म्हणजे प्रामाणिक कारागिराची मोठी पंचाईत होते. खरा उपाय म्हणजे बिजागरीचा खिळा बदलून किंचित् जाड घालणें अथवा नळीच्या आंकड्याला नवी धातु जोडून ती पुन्हां काजळीनें जुळविणें. या कामाची मजुरी बंदुकीच्या किंमतीहून अधिक होते. म्हणून गिऱ्हाईक म्हणतें, "थोडक्यांत करा." मग आंकड्यावर हातोडीचे चार ठोके मारून धातु फुगवितात किंवा मध्यें पत्र्याची चिपटी सारतात. बंदूक तेवढ्यापुरती घट्ट होते, गिऱ्हाईक खूष होतें, आणि पन्नास बारांत गाडें पूर्वपदावर येतें. कमानीचेंही तेंच. अस्सल दुनळींतली चिमट्याच्या आकाराची कमान पोलादाचें पाणी ओळखून कठीण केलेली आणि मग बेताची मऊ केलेली असते. नकलेंतली कमान एक तर पहिल्याच थंडींत कांडीसारखी मोडते किंवा हळूहळू आपला जोर हरवून बसते. तिच्या जागीं दुसरी घालावी तर बाजारांत मिळत नाहीं. एकाच दुकानांतून एकाच दिवशीं घेतलेल्या दोन दुनळ्यांच्या कमानी एकमेकींना लागत नाहींत, कारण प्रत्येकीचें भोंक कोणा एका माणसाच्या अंदाजानें पाडलेलें असतें. हातानें जुळविलेल्या वस्तूची दुरुस्तीही हातानेंच करावी लागते, हा नियम उत्तम दुनळीलाही आहे आणि हलक्या दुनळीलाही. भेद एवढाच कीं, उत्तम दुनळीचा धनी तो खर्च सोसतो.

पहिल्या महायुद्धानंतर स्वस्त दुनळीचा हा बाजार बसला आणि नक्कल हा विषय संपला, असें वाटण्याजोगी स्थिति आली. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरीस तो निराळ्याच वाटेनें पुन्हां पुढें आला. पूर्वीं नक्कल करणारा ती अस्सल म्हणून खपवीत असे. आतां गिऱ्हाइकालाच नक्कल हवी होती, आणि ती नक्कल म्हणूनच हवी होती. अमेरिकेंत १८६० ते १८९९ या कालखंडांतल्या पद्धतीच्या बंदुका घेऊन, तशीच टोपी व तसाच पेहराव घालून नेमबाजीच्या स्पर्धा करणाऱ्यांचा एक संघ १९८७ मध्यें स्थापन झाला. या स्पर्धांत रिकामीं काडतुसें आपोआप बाहेर फेंकणारी दुनळी चालत नाहीं. टपालगाडीवरचा रखवालदार मांडीवर घेऊन बसे तशी आंखूड दुनळी पाहिजे. अशा जुन्या दुनळ्यांपैकीं कोल्ट कंपनीचा १८७८ चा उघड्या घोड्यांचा नमुना विशेष नांवाजलेला होता. पण तो १८८९ मध्येंच बंद झाला, आणि जे बावीस हजारांवर नग निघाले होते त्यांतले उरलेले संग्राहकांच्या कपाटांत गेले. तेव्हां चीनमधल्या कारखान्यांनीं त्याची नक्कल काढली. किंमत माफक, रूप हुबेहूब.

यांतल्या अडचणी मुंगेरच्या अगदीं उलट होत्या. नळीचें पोलाद आधुनिक असल्यामुळें फुटण्याची भीति नाहीं. पण काडतूस जेथें बसतें ती नळीची कोठी आंतून खरखरीत राहिलेली असे. शिकाऱ्याला दिवसाकांठीं पांचदहा बार टाकावयाचे असतात. अडकलेलें काडतूस तो नखानें ओढून काढील. स्पर्धकाला नळ्या उघडून एका हिसक्यांत दोन्ही रिकामीं काडतुसें जमिनीवर पाडावयाचीं असतात, आणि तेथें प्लॅस्टिकचें काडतूस त्या खरखरीत भिंतीला चिकटून बसे. कमानी इतक्या ताठ कीं घोडे चढवितांना अंगठा दुखावा. काडतुसाच्या टोपीवर आघात करणाऱ्या बारीक खुंट्या वारंवार मोडत. म्हणून नवी दुनळी विकत घेतल्याबरोबर ती प्रथम एखाद्या कसबी दुरुस्तीवाल्याकडे द्यावयाची, त्यानें कोठी आंतून घासून गुळगुळीत करावयाची, कमानी हलक्या करावयाच्या, खुंट्या बदलावयाच्या, आणि मग ती वापरावयाची, असा प्रघातच पडून गेला. कारखान्यानें कानशीचें जें काम वांचविलें, तें दुरुस्तीवाल्याच्या बाकावर जाऊन पडलें. वस्तु स्वस्त झाली असें म्हणतात, तेव्हां पुष्कळदां तिच्या किंमतीचा एक भाग दुसऱ्या पावतीवर गेलेला असतो.

उलट बाजूचें उदाहरणही याच काळांतलें आहे. कनेक्टिकट प्रांतांतल्या मेरिडन गांवीं पार्कर बंधूंचा कारखाना होता. अमेरिकेंतल्या दुनळ्यांत त्यांच्या दुनळीचा मान पहिला. सुमारें दोन लक्ष बेचाळीस हजार दुनळ्या काढल्यावर १९३४ मध्यें तो रेमिंग्टन कंपनीनें घेतला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत हें काम थांबलें. इतकें हातकाम परवडेल असें गिऱ्हाईक उरलें नव्हतें. पुढें १९८४ च्या सुमारास जपानमधल्या एका कारखान्यानें या पार्कर दुनळीची नक्कल तयार करण्यास आरंभ केला. त्यांनीं बाह्य रूपाची नक्कल केली नाहीं. आंतल्या प्रत्येक तुकड्याची केली. घोडा, कमान, अडणी, खिळे हे सगळे इतक्या बारकाईनें मूळ मापाबरहुकूम केले कीं, पन्नाससाठ वर्षांपूर्वींच्या अस्सल पार्करचा मोडलेला तुकडा काढून त्या जागीं या नकलेचा तुकडा बसवावा तर तो बसे. मॅन्टनच्या नांवाचें चित्र काढणाऱ्या कारागिरापासून येथपर्यंतचें अंतर किती, याची कल्पना श्रोत्यांनींच करावी. ही दुनळी स्वस्त नव्हती आणि पांचसहा वर्षांतच तिचें उत्पादन बंद पडलें. तो कारखानाच बंद झाला. तेव्हांपासून तिच्या धन्यांची स्थिति जुन्या पार्करच्या धन्यांसारखीच झाली आहे. शिल्लक सुटे तुकडे आहेत तोंवर ठीक, ते संपले कीं पुन्हां कानस आणि काजळी.

दुरुस्तींतला एक धोका मात्र असा आहे कीं, तो बंदुकीच्या प्रतीवर अवलंबून नाहीं. जुनी दुनळी गंजली म्हणजे धन्याला ती पुन्हां काळी करून घ्यावीशी वाटते. एकनळी बंदुका दाहक क्षारांच्या उकळत्या द्रावणांत बुडवून तासाभरांत काळ्याभोर करतात. अजाण दुरुस्तीवाला दुनळीलाही तीच युक्ति योजतो. बंदूक सुंदर होऊन परत येते. पण दोन नळ्यांमधल्या पट्ट्या ज्या मऊ डाकानें बसविलेल्या असतात, तो डाक हें द्रावण खाऊन टाकतें, आणि पट्ट्यांच्या आड शिरलेले क्षार आंतून गंज चढवीत राहतात. कांहीं महिन्यांनीं पट्टी उचलली जाते आणि मोठ्या कष्टानें जुळविलेल्या दोन नळ्या एकमेकींपासून सुटतात. मॅन्टन असो, पार्कर असो कीं लीजची थोडक्या डॉलरांतली दुनळी असो, गति एकच.

म्हणून जाणता कारागीर दुनळीच्या नळ्या आजही जुन्या रीतीनेंच काळ्या करतो. त्यांना सौम्य तेजाबाचा हात देऊन दमट जागीं टांगतो, पातळ गंज चढूं देतो, तो उकळत्या पाण्यांत काळा करतो, बारीक तारांच्या कुंचल्यानें झाडतो, आणि पुन्हां टांगतो. असें आठ दहा वेळां करावें लागतें, आणि त्यास आठवडा सहज लागतो. गिऱ्हाईक दर दोन दिवसांनीं विचारावयास येतें, आणि कारागीर त्याला भिंतीवर टांगलेल्या तांबूस नळ्या दाखवून परत पाठवितो.